तीनशे कवचं आणि एक गुलाबी

पहिल्या दिवशी मॅडमनी माझ्या हातात झिपलॉकची एक पिशवी ठेवली. आत हिरवट-राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ. पिशवीवर काळ्या मार्करने लिहिलं होतं, ०–२ सेंमी. "हा आजचा समुद्र," त्या म्हणाल्या. मग कपाटातून दुसरी पिशवी काढली. तिच्यावर ४४८–४५०. "आणि हा साधारण तीस हजार वर्षांपूर्वीचा." मी दोन हातांत दोन पिशव्या घेऊन उभी राहिले. रंग किंचित वेगळा होता, बाकी काही कळत नव्हतं.

एम.एस्सी. केलं ते कोल्हापुरात. महाराष्ट्रात भूशास्त्र शिकणाऱ्याला चहूकडे बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक दिसतो. जीवाश्म आम्ही पाहिले ते बहुतेक काचेच्या कपाटातले. फोरॅमिनिफेरा हा शब्द मला परीक्षेपुरता माहीत होता. समुद्रात राहणारे एकपेशीय जीव, बहुतेकांचं कवच चुन्याचं, काही पाण्यात तरंगणारे, बाकीचे तळावर राहणारे. एवढं लिहिलं की दहापैकी सहा मार्क मिळायचे. त्या सहा मार्कांच्या बळावर मी गोव्यात मॅडमच्या प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक म्हणून रुजू झाले.

आमचा गाळ आला होता गोव्याच्या पश्चिमेकडून, खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, संपून तळ खोल उतरायला लागतो त्या उतारावरून, अकराशे मीटर पाण्याखालून. जहाजावरून वजन लावलेली पोलादी नळी तारेने सोडतात. ती तळात रुतते आणि आतल्या प्लॅस्टिकच्या नळीत गाळाचा लांबलचक दंडगोल अडकून वर येतो. त्याला सगळे कोअरच म्हणतात. वरचं टोक हल्लीचं, खाली जावं तसं जुनं. कोअर उभी चिरतात; एक अर्धी कामाची, दुसरी राखून ठेवायची. आमची साडेचार मीटरची होती. दर चार सेंटिमीटरला दोन सेंटिमीटरचा एक काप, असे ११३ नमुने. प्रत्येक नमुना धुवायचा, वाळवायचा, चाळायचा आणि त्यातून तीनशे कवचं निवडून, ओळखून, मोजायची.

धुणं सोपं वाटतं. दहा ग्रॅम वाळलेला गाळ डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर भिजत घालायचा. चिकणमातीचे गोळे सुटत नसतील तर सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट थोडंसं घालायचं. सकाळी तो ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर ओतायचा. या चाळणीची भोकं साधारण माणसाच्या केसाच्या जाडीएवढी. वरून पाण्याची अगदी मऊ धार. धार जोरात सोडली की पातळ कवचं फुटतात, आणि फुटलेली कवचं मोजणीत धरता येत नाहीत. बेसिनमध्ये दुधाळ राखाडी पाणी वाहत राहतं. पंधरा-वीस मिनिटांनी पाणी निवळ यायला लागतं आणि चाळणीच्या तळाशी चिमूटभर पांढरी वाळू उरते. दहा ग्रॅम गाळाची कधी अर्धा ग्रॅम, कधी त्याहून कमी. ती ओव्हनमध्ये पन्नास अंशांवर वाळवायची. मग कोरडी असतानाच १५० मायक्रॉनच्या चाळणीतून पुन्हा चाळायची, म्हणजे लहान पिल्लं खाली जातात आणि ओळखता येतील अशी मोठी कवचं वर राहतात.

ती वाळू मी पहिल्यांदा काळ्या ट्रेमध्ये पसरून मायक्रोस्कोपखाली धरली तो क्षण मला अजून आठवतो. वाळू नव्हतीच ती. सगळी घडवलेली होती. एकही कण ओबडधोबड नाही. तीन बुंद्या एकमेकींना चिकटाव्यात तसं एक: ग्लोबिजेरिनॉयडीस रुबर. चार फुगीर कप्पे आणि मधोमध मोठं उघडं तोंड, जोंधळ्याच्या लाहीसारखं: ग्लोबिजेरिना बुलॉयडीस. चपटं, तबकासारखं, कडेला करंजीच्या मुरडीसारखी जाड किनार: ग्लोबोरोटॅलिया मेनार्डी. आणि मधूनच एखादा निखळ गोल साबुदाणा, ऑर्ब्युलिना युनिव्हर्सा, ज्याने शेवटचा कप्पा असा बांधला की आधीचं सगळं घर त्याच्या पोटात गेलं. नावं मी नंतर शिकले. त्या दिवशी मी नुसती बघत बसले, जेवायला जायचं राहून गेलं.

निवडायला ब्रश लागतो तो ट्रिपल झिरोचा, टोकाला दोन-चारच केस. तो पाण्यात टेकवायचा, टोक ओलं करायचं, कवचाला नुसता स्पर्श करायचा. ते चिकटून वर येतं. मग स्लाइडवर, चौकोनात, आधी लावून वाळवलेल्या डिंकाच्या पातळ थरावर ठेवायचं. ब्रश जास्त ओला असेल तर कवच थेंबात बुडून फिरत राहतं, कोरडा असेल तर उडून जातं. पंखा बंद. बोलायचं ते तोंड बाजूला करून.

मे महिन्यात चार दिवस राजापूरजवळ आमच्या गावी गेले होते तेव्हा आजी ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसले आणि माझा हात तिच्याइतकाच भरभर चालायला लागला. ती म्हणाली, "काय गो, तिकडे तुला हेच शिकवतात?" मी तिला सांगितलं, हेच, फक्त तिकडे तांदूळ बाजूला काढून खडे ठेवायचे. मग तिला पिरॅमिडची गोष्ट सांगितली. गिझाच्या पिरॅमिडच्या चुनखडीत न्युम्युलाइट नावाच्या मोठ्या फोरॅमिनिफेराची कवचं खच्चून भरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रॅबो नावाचा ग्रीक प्रवासी तिथे गेला, तेव्हा लोक त्या चकत्यांना मजुरांच्या जेवणातली उरलेली, दगड झालेली मसूर म्हणत. स्ट्रॅबोने ते लिहून ठेवलं. आजीने सूप खाली ठेवलं. "मग कोणाला विचारलंन की नाही त्याने, काय आहे ते?" मला हा प्रश्न फार आवडला.

ओळखायला शिकणं हे मोजण्यापेक्षा कितीतरी कठीण. १८७२ ते १८७६ या काळात ब्रिटिशांचं चॅलेंजर जहाज जगभरच्या समुद्रांतून गाळ गोळा करत फिरलं. त्यातल्या फोरॅमिनिफेरावरचा हेन्री ब्रॅडी यांचा ग्रंथ १८८४ मध्ये निघाला, त्यात चित्रांचे ११५ पट्ट आहेत. ते पट्ट संगणकावर उघडून मी रात्री एकेक कवच ताडून बघायची. तरी माझी पहिली स्लाइड मॅडमनी तपासली तेव्हा तीनशेपैकी ४१ चुकीच्या चौकोनात निघाली. फाल्कोनेन्सिस नावाची एक जात हुबेहूब बुलॉयडीससारखी दिसते, फक्त तिच्या तोंडाला वरून एक बारीक ओठ असतो. मी ओठ बघतच नव्हते. मॅडमनी स्लाइड परत दिली आणि म्हणाल्या, "घाई नाही. आधी डोळा बसू दे." डोळा बसायला सहा आठवडे लागले.

तीनशेच का, हेही मी त्यांना विचारलं. एखादी जात शंभरात एक असेल, तर तीनशे कवचं मोजल्यावर ती अजिबात न सापडण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास उरते. शंभर मोजली तर ती तीनात एक असते. हजार मोजायला आयुष्य पुरत नाही. तेव्हा तीनशे. २८० वर हात दुखायला लागतो, ट्रेचा शेवटचा कोपरा राहिलेला असतो आणि त्या कोपऱ्यात सगळी न ओळखू येणारी बसलेली असतात. सोपी उचलून तीनशे भरवली तर कुणालाही कळणार नाही, पण ती टक्केवारी समुद्राची राहत नाही, निवडणाऱ्याची होते. म्हणून ट्रेवर रेघा असतात. रांग सुरू केली की ती संपवायचीच.

मोजून काय कळतं, तर पावसाळा कळतो. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत इतक्या जोरात वाहतात की वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि खालचं थंड, पोषक क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर डायटम नावाची सूक्ष्म शैवालं माजतात, आणि त्यांच्यामागे बुलॉयडीस. एरवी ही थंड समुद्रातली जात. उष्ण कटिबंधात ती मुबलक दिसली तर समजावं की तिथे खालचं पाणी वर येतंय. वारा जोराचा तर बुलॉयडीस जास्त, वारा पडला तर कमी. ओमानसमोरच्या ७२३ क्रमांकाच्या ठिकाणी १९८७ मध्ये काढलेल्या कोअरमधून खरगपूर आयआयटीचे अनिल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच एका जातीचं प्रमाण मोजत गेल्या दहा-अकरा हजार वर्षांच्या मॉन्सूनचे चढउतार दाखवले. हा शोधनिबंध २००३ चा. तो वाचताना मला राहून राहून वाटायचं, कुणीतरी बसून ती कवचं एकेक करून मोजली आहेत.

आमच्या बाजूचा किनारा मात्र तितका सरळ नाही. इथेही पावसाळ्यात खालचं पाणी वर येतं; पावसाळ्यानंतर आपल्याकडे तारली आणि बांगडा येतो त्याच्याशी या भरलेल्या पाण्याचा संबंध आहेच. पण हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडे थंड वारे येतात, वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, खालचं मिसळतं आणि उत्तर अरबी समुद्रात तेव्हाही सुगी होते. शिवाय सह्याद्रीवरून येणाऱ्या नद्यांचं गोडं पाणी. म्हणजे ओमानचा नियम उचलून गोव्यासमोर लावला तर फसगत होऊ शकते. याकरता एकट्या मोजणीवर विसंबायचं नाही, सोबत ऑक्सिजन बघायचा.

त्याची रीत अशी. ऑक्सिजनचे अणू बहुतेक १६ वजनाचे, थोडेसे १८ चे. समुद्राची वाफ होताना हलकं पाणी आधी निघतं. हिमयुगात ती वाफ बर्फ होऊन उत्तर अमेरिका आणि युरोपच्या माथ्यावर अडकून पडली, समुद्रात परत आलीच नाही. मागे जड पाणी जास्त उरलं. कवच बांधणारा जीव समुद्रात जे असेल तेच वापरतो, म्हणून कवचही जड. पाणी थंड असेल तरीही कवच जड होतं. हॅरोल्ड युरी यांनी १९४७ मध्ये ही कल्पना मांडली, चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये समुद्रतळाच्या कोअरमधली कवचं मोजून हिमयुगांचा आलेख काढला आणि तो बहुतांशी तापमानाचा आहे असं म्हटलं. १९६७ मध्ये निकोलस शॅकल्टन यांनी दाखवलं की त्या आलेखातला मोठा वाटा बर्फाच्या साठ्याचा आहे. आलेख तोच, पण तो आता दुसरंच काहीतरी सांगत होता. मला ही गोष्ट समजली तेव्हा फार दिलासा वाटला, आणि पुढे ती दुसऱ्याच कारणाने उपयोगी पडली.

आमच्याकडे यासाठी रुबरची कवचं लागत. ती समुद्राच्या वरच्या थरात राहते, कारण तिच्या शरीरात सूक्ष्म शैवालं राहतात आणि त्यांना ऊन लागतं. एकाच आकाराची, न फुटलेली, स्वच्छ वीस कवचं. मिथेनॉलमध्ये काही सेकंद अल्ट्रासॉनिक बाथ, मग मायक्रोबॅलन्सवर वजन, मग दुसऱ्या विभागात मास स्पेक्ट्रोमीटरकडे. तिथे फॉस्फोरिक अॅसिडमध्ये ती विरघळतात आणि निघालेल्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन मोजतात. वीस कवचं शोधायला मला दीड दिवस लागायचा. विरघळायला काही मिनिटं.

फेब्रुवारीत आठ दिवस जहाजावर जायला मिळालं. तोवर मी फक्त रिकामी घरं पाहिली होती. रात्री बारीक जाळं खोल सोडून हळूहळू वर ओढलं, बरणीत आलेलं पाणी मॅडमनी बशीत ओतलं आणि मला हाक मारली. जिवंत रुबर. कवच मला पाठ होतं, पण हे काहीतरी निराळंच होतं. कवचाभोवती चहूबाजूंनी काचेच्या तंतूंसारखे लांब काटे, कवचाच्या कितीतरी पट लांब, आणि त्या काट्यांवर सोनेरी ठिपके पसरलेले. तीच ती शैवालं. दिवसा ती काट्यांवर बाहेर येतात, रात्री आत जातात. दिव्याखाली ती हळूहळू बाहेर सरकताना मी पाहिली. गाळात पडेपर्यंत यातलं काही उरत नाही. काटे मोडतात, शैवालं जातात, उरतो तो तीन बुंद्यांचा सांगाडा. प्रयोगशाळेत मी ज्याला 'नमुना' म्हणायची तो दोन-चार आठवडे असा जगलेला असतो. डेकवर आले तर जहाजामागे पाण्यावर निळसर उजेडाची रेघ होती. चमकणाऱ्या प्लवकांमुळे होतं ते. आमच्या किनाऱ्यावरही कधीकधी लाटा अशा उजळतात.

तिथेच मॅडमनी दक्षिण महासागरातल्या बुलॉयडीसबद्दल सांगितलं. २००९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, आज समुद्रात खाली पडणारी कवचं तिथल्याच तळावरच्या काही हजार वर्षं जुन्या कवचांपेक्षा ३० ते ३५ टक्क्यांनी हलकी निघाली. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र पितो. त्याने पाण्याची आम्लता वाढते आणि चुन्याचं कवच बांधणं जड जातं. हा फरक कळला, कारण तुलनेला जुनी कवचं होती. मी बशीतल्या त्या काटेरी जिवाकडे परत जाऊन बघितलं. सकाळपर्यंत तो बशीच्या तळाशी बसला होता, काटे गळलेले.

आता गुलाबी कवचाचं.

जुलैचा महिना, बाहेर चार दिवस संततधार. मी २७६ ते ३१० सेंटिमीटरमधले नऊ नमुने एका झपाट्यात दोन दिवसांत धुतले होते. हे वीस हजार वर्षांच्या आसपासचे थर, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरातले. २८४–२८६ मध्ये मला अमोनिया नावाच्या तळवासी जातीचं एक कवच सापडलं. ही जात खाड्यांतली, उथळ पाण्यातली. मांडवी-झुआरीच्या मुखाशी ती भरपूर मिळते. अकराशे मीटर खोलीवरच्या गाळात तिचं काय काम? २९२–२९४ मध्ये आणखी दोन. मी खूश झाले. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. गोव्यासमोरचा खंडमंच बराचसा उघडा पडला होता, किनारा या उताराच्या पुष्कळ जवळ आला होता. खाडीतली कवचं वाहून उतारावर आली असणार. वहीत मी हे सगळं एका पानभर लिहिलं, बाजूला पेन्सिलने उताराचं चित्र काढलं. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "शक्य आहे. अजून दोन थर बघ."

रविवारी संध्याकाळी २९६–२९८ ची ट्रे लावली. सातव्या रांगेत पुन्हा अमोनिया. आणि तिचे आतले तीन कप्पे गुलाबी.

रोझ बेंगॉल नावाचा एक रंग असतो. किनाऱ्यावरून किंवा खाडीतून ताजा गाळ आणला की त्यात तो घालतात; गोळा करताना जो जीव जिवंत होता त्याच्या पेशीद्रव्याला रंग चढतो, रिकामी कवचं पांढरीच राहतात. आमच्याच प्रयोगशाळेत एक मुलगी खाडीतल्या नमुन्यांवर तसं काम करत होती. वीस हजार वर्षांपूर्वी मेलेलं कवच गुलाबी होत नाही. हे कवच गेल्या वर्ष-दोन वर्षांत कधीतरी खाडीत जिवंत होतं.

माझा ब्रश त्याच्यावर होता. जरा तिरका केला असता तर ते ट्रेबाहेर पडलं असतं, आणि प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. हे मनात आलं, ते मी लपवणार नाही. मी ते उचललं, वेगळ्या स्लाइडवर ठेवलं, वर तारीख घातली आणि मॅडमना फोन लावला.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "चाळणी कोणती होती?"

६३ मायक्रॉनच्या चाळण्या दोन होत्या. रंगवलेल्या नमुन्यांच्या चाळणीला कडेला लाल टेप असायची. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर टेप पाण्याने सुटून बेसिनच्या जाळीत अडकली होती. पण टेप गेली तरी काही बिघडायचं नव्हतं. दोन नमुन्यांच्या मधे चाळणी धुऊन मेथिलीन ब्ल्यूच्या पाण्यात बुडवायची, हा नियम मला पहिल्या आठवड्यातच शिकवला होता. चाळणीच्या जाळीत जे काही अडकलेलं राहतं ते निळं होतं, मग पुढच्या नमुन्यात निळं कवच दिसलं की ते परकं, मोजायचं नाही. दर वेळी दहा-पंधरा मिनिटं जातात. त्या दोन दिवसांत मी ती वाचवली होती.

सगळ्यात जास्त लागलं ते गुलाबी कवचाचं नाही, आधीच्या तीन पांढऱ्यांचं. खाडीच्या नमुन्यात रंग न चढलेली, मेलेली कवचंही असतातच. ती तीन त्यातलीच असणार. आणि त्यांच्यावर मी एक पानभर इतिहास रचला होता, तोही खोटा वाटू नये असा. समुद्र खरंच १२० मीटर खाली होता. किनारा खरंच जवळ आला होता. त्यातली एकही ओळ पुस्तकात चुकीची ठरली नसती. एमिलियानींच्या आलेखाची आठवण मला तेव्हा झाली. त्यांची मापं बरोबर होती, पुढे बदलला तो अर्थ. माझं तर माप धरावं असा नमुनाच उरला नव्हता.

मी मॅडमना विचारलं, "रुबर तर खाडीत नसते. मग या थरांचे ऑक्सिजनचे आकडे तरी ठेवायचे का?"

"चाळणीत आणखी कुणाचं काय अडकलं होतं, तुला माहीत आहे?"

माहीत नव्हतं. नऊच्या नऊ नमुने रद्द केले. वहीतल्या त्या पानावर मी तिरकी रेघ मारली, पान फाडलं नाही.

कामाच्या अर्ध्या कोअरमधला उरलेला गाळ शीतगृहात होता. पुन्हा मागणं सोपं नसतं. काढलेला प्रत्येक काप कायमचा जातो आणि त्याच ठिकाणी पुन्हा जहाज नेऊन कोअर काढली तरी ती हीच नसते. मॅडमनी माझ्यासोबत येऊन रजिस्टरमध्ये सही केली, मी दर थराचे दहा-दहा ग्रॅम मोजून घेतले. त्या वेळी कोअर मी पहिल्यांदा नीट पाहिली. जिथे जिथे आधी नमुने घेतले होते तिथे चौकोनी खळगे होते, आता माझ्यामुळे नऊ ठिकाणी ते दुप्पट रुंद झाले.

या वेळी नऊ नमुन्यांना नऊ दिवस घेतले. चाळणी प्रत्येक वेळी उजेडात धरून बघितली, ब्रशने खालून-वरून धुतली, निळ्या पाण्यात बुडवली, पुन्हा धुतली. इतकं करूनही २८८–२९० च्या ट्रेमध्ये दोन निळी कवचं आली. म्हणजे सगळी काळजी घेऊनही आधीच्या थरातली दोन मागे राहिलीच होती, फक्त आता ती दिसत होती. ती बाजूला काढली, वहीत नोंदली.

मोजणी ऑगस्टच्या शेवटी संपली. बुलॉयडीसचं प्रमाण जवळपास पहिल्यासारखंच आलं. रुबरचे नवे आकडेही जुन्यांच्या आसपासच बसले, आणि हिमयुगाकडून आजच्याकडे येणारा तो उतार आलेखावर सलग दिसायला लागला. मॅडमना मी म्हटलं की जुने आकडे ठेवले असते तरी चाललं असतं. त्या म्हणाल्या, "हे तुला आज कळतंय."

नऊपैकी आठ थरांत अमोनिया एकही नव्हती. ३०४–३०६ मध्ये, शेवटून दुसऱ्या रांगेत, एक मिळाली. रंग नाही, निळेपणा नाही. एक कप्पा फुटलेला, पृष्ठभाग घासून खरखरीत झालेला. मी ती उलटसुलट करून बराच वेळ बघितली. चाळणी त्या दिवशी स्वच्छ होती, त्याची नोंद माझ्याच अक्षरात समोर होती.

वहीत लिहिलं: ३०४–३०६. अमोनिया, १. झिजलेली. पुढे जागा मोकळी सोडली.